निळ्या क्रेटमधला केक

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोसाठी काय न्यायचं, हा प्रश्न सुपरमार्केटच्या व्यवस्थापकांना कधी पडलाच नव्हता. ज्याची तारीख संपत आलीय, ते न्यायचं. अन्न वाया गेलेलं त्यांना बघवत नसे. या वर्षी मात्र बायकोने सकाळीच बजावलं होतं, "आज ती अर्ध्या किमतीची लाल चिठ्ठी लावलेलं काही आणलंत, तर त्याच्यासकट तुम्हालाही परत पाठवीन!"

त्यांनी काळजावर दगड ठेवून बेकरीतून ताजा केक पूर्ण किमतीला घेतला. दुकानाच्या थंड खोलीत तेवढा एक क्रेट मोकळा दिसला, त्यात ठेवला. डोक्यात बायकोची धमकी घोळत होती, त्यामुळे क्रेटच्या रंगाकडे लक्षच गेलं नाही.

क्रेट निळा होता, आणि निळा म्हणजे परतीचा. माल घेऊन आलेली गाडी रिकामी जाऊ नये म्हणून न खपलेलं सगळं गोदामात नेते. तिथे लाल चिठ्ठी लागते आणि जिथे खपेल त्या शाखेत माल जातो. ही योजना खुद्द व्यवस्थापकांची, आणि तिचा त्यांना भारी अभिमान.

संध्याकाळी क्रेट गायब! त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला.

"अरे, त्यात माझा केक होता! उघडून बघायचं नाही का?"

"साहेब, निळा क्रेट उघडायचा नाही, विचारत बसायचं नाही, सरळ गाडीत चढवायचा. तुम्हीच दम दिला होता."

गोदामवाल्या बाई तर खुशीतच होत्या. "केक ना? आला तसा गेला, स्टेशनजवळच्या शाखेत. तुमची योजना झकास चाललीय हां!"

व्यवस्थापक धापा टाकत तिथे पोचले, तेव्हा एक आजोबा केक हातात घेऊन निरखत होते. त्यांच्या हातापाया पडून केक सोडवला आणि स्वतःचाच माल पुन्हा विकत घेतला. चिठ्ठी मात्र निघेना. गिऱ्हाइकांनी अदलाबदल करू नये म्हणून इतका चिकट डिंक त्यांनीच निवडला होता.

घरी बायकोने आधी चिठ्ठीच पाहिली.

"आणलंतच ना शेवटी?"

"अगं, ऐक तरी..."

"काही ऐकायचं नाही मला." पण इतक्या वर्षांच्या संसारात अन्न टाकणं तिलाही जमेनासं झालं होतं. तिने धुसफुसत सुरी चालवली, एक घास खाल्ला आणि थांबली. मग दुसरा खाल्ला.

"अगंबाई, किती मऊ आहे हो! शेवटच्या तारखेचं इतकं ताजं असतं? मीच मेली इतकी वर्षं तुम्हाला घालून पाडून बोलले." तिचे डोळे भरून आले. "यापुढे दरवर्षी असाच आणा. ताज्याच्या नादी लागून पैसे कशाला घालवायचे?"

खरं काय ते सांगायला व्यवस्थापकांनी तोंड उघडलं. मग त्यात केकचा एक मोठा तुकडा घातला आणि मिटून घेतलं.