सेतुरावांचे एकतीस पितर

कंटेनर बंद करायचा असला की सेतुराव आधी चपला काढायचे. एसीच्या गार फरशीवर अनवाणी उभे राहायचे, एक बोट एंटरवर ठेवायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि मग दाबायचे. चेन्नईच्या शोळिंगनल्लूर भागातल्या आमच्या ऑफिसात दिवसाला असे चाळीस-पन्नास कंटेनर बंद होतात. म्हणजे हा गृहस्थ निम्मा दिवस अनवाणीच.

ज्यांना आमचा उद्योग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही मोबाइलवर एखादं पान उघडता तेव्हा दूरच्या मशीनवरचा एक छोटा प्रोग्रॅम ते पान तयार करून पाठवतो. हल्ली असे प्रोग्रॅम मशीनवर मोकळे सोडत नाहीत, एकेका कंटेनरमध्ये कोंडून चालवतात. कंटेनर बिघडला तर दुरुस्त करायचा नाही. मारायचा आणि तसाच दुसरा उठवायचा. मेलेल्याच्या आत जे काही लिहिलेलं असेल ते त्याच्याबरोबर जातं.

सेतुराव कंटेनरला 'डबा' म्हणायचे आणि 'मारणे' हा शब्द तोंडात येऊ द्यायचे नाहीत. नवीन कुणी आलं की पहिला धडा तोच. "डब्यात काही ठेवू नको, अम्मा. डबा जातो."

मी सोलापूरची. चेन्नईत मराठी माणूस भेटला म्हणून पहिल्या दिवशी हरखले होते. दुसऱ्या दिवशी ते ओसरलं. सेतुराव तंजावरचे. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, त्यामुळे त्यांचं मराठी तेव्हाचं आणि हेल तमिळ. 'सगळे' न म्हणता 'अस्की' म्हणायचे, 'बरं'ला 'सरी', 'नाही'ला 'इल्ले', आणि वर मलाच ऐकवायचे, "तुमच्या देशावर भाषा नासली."

डब्याचा नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता. टेबलाचा ड्रॉवर रिकामा. वीस वर्षं नोकरी झाली म्हणून ऑफिसने भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते संध्याकाळी वॉचमनच्या हातात. राहायचे एका खोलीत, एकटे. लग्न का केलं नाही विचारलं तर म्हणाले, "कुणी विचारलं नाही. सरी, मीही विचारलं नाही." विषय संपला.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनला ते गायब व्हायचे. दुसरीकडे नोकरी धरली आहे, असं आम्ही सगळे म्हणायचो. मी आगाऊपणाने तोंडावर म्हटलं. त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि डायलिसिसच्या सुयांनी काळानिळा पडलेला हात दाखवला. "ही नोकरी," म्हणाले. मला इतकी लाज वाटली की आठवडाभर मी त्यांच्याकडे नीट बघू शकले नाही.

पण त्यानंतरच त्यांनी मला 'दिवसम' दाखवला. दिवसम म्हणजे इकडच्या भाषेत वर्षश्राद्ध. तंजावरच्या मराठी घरांतली मुलं जगभर पांगलेली, घरात कॅलेंडर तमिळ. तमिळ महिने सूर्याचे, आपले चंद्राचे. आजोबांची तिथी यंदा कुठल्या तारखेला, हे कुणाला सांगता येईना. म्हणून सेतुरावांनी फार पूर्वी एक पान केलं होतं. गेलेल्याचं नाव, गोत्र, तिथी भरायची आणि निरोप कुणाला धाडायचा तो पत्ता. रोज सकाळी प्रोग्रॅम चालायचा आणि तीन दिवस आधी निरोप जायचा. दोनशेच्या वर मंडळी होती. जुन्या साहेबांच्या परवानगीने हे सगळं ऑफिसच्याच एका म्हाताऱ्या मशीनवर चाललं होतं.

ते मशीन शुक्रवारी बंद होणार होतं. सेतुरावांची नोकरीही त्याच दिवशी संपणार होती.

"डब्यात घालून दे," ते मला म्हणाले. "म्हणजे कुणीही, कुठेही उठवेल. माझे डोळे आता पोचत नाहीत."

गुरुवारी दुपारी बसलो. प्रोग्रॅम डब्यात घातला, नावांची यादी डब्याबाहेर ठेवली, चालवला. पडला. पुन्हा चालवला, पुन्हा त्याच जागी पडला. प्रोग्रॅम पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेला; तिची जुनी आवृत्ती रिकाम्या रकान्याकडे काणाडोळा करायची, नवी हटून बसते. प्रोग्रॅम आधी सगळी यादी वाचतो, मग निरोप धाडतो; एक ओळ अडली की कुणालाच निरोप नाही. ती ओळ शोधायला मी यादी उघडली.

आधी दिसलं ते वेगळंच. एकतीस नावांपुढे पत्ता सेतुरावांचा.

"हे कोण? तुमचे नातेवाईक?"

"इल्ले. ह्यांच्या नातवंडांनी 'निरोप पाठवू नका' म्हणून कळवलं." ते चष्मा पुसत होते. "म्हातारे काय करतील मग? उपाशी राहतील? सर्वपित्रीला गुरू, मित्र, अस्की चालतात. मी देतो पाणी."

अडलेली ओळ अगदी तळाशी होती. सेतुमाधवराव, म्हणजे सेतुरावांचंच पूर्ण नाव, मग वडिलांचं नाव, गोत्र. तिथी: रिकामी. निरोप कुणाला: रिकामा.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. तेच म्हणाले, "ती काढून टाक. उगाच अडते."

काढली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं. त्याऐवजी मी 'निरोप कुणाला'च्या रकान्यात माझा पत्ता घातला.

"तुझं गोत्र वेगळं," सेतुराव म्हणाले.

"निरोप येईल ना?"

"निरोप येईल. तिथी कोण घालेल?"

"मीच घालीन," मी म्हटलं. समोर बसलेल्या माणसाला त्याच्या मरणाची तारीख भरायचं कबूल करत होते मी.

सेतुरावांनी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि व्यवहाराच्या सुरात म्हणाले, "सरी. मग ह्या एकतीस जणांपुढेही तुझाच घाल."

मी पत्ता बदलत गेले आणि ते एकेकाची ओळख करून देत गेले. हे मास्तर, ह्यांना ताक लागायचं. ही विधवा, हिला गोड वर्ज्य नव्हतं पण कुणी दिलं नाही, तू दे. हे भांडकुदळ, ह्यांना आधी वाढ. तासभर लागला. तिथी नसलेल्या ओळीपाशी अडू नको, असं मी प्रोग्रॅमला बजावलं आणि डबा पुन्हा उठवला. या वेळी चालला.

खाली शेवटची ओळ उरली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"हा ना?" सेतुराव म्हणाले. "ह्याचं काही विशेष नाही, अम्मा. कॉफी दिलीस तरी पुरे."