तुंपालची सासुरवाडी

पहिल्याच दिवशी तुंपालने मला विचारलं, "तुम्हारा मां का फॅमिली नेम क्या?"

मी स्टोअरकीपर. वेल्डिंग रॉडचं खोकं न्यायला आलेला माणूस माझ्या आईचं माहेर विचारतोय म्हटल्यावर मी चपापलोच. म्हटलं, बाबा रे, रॉड घे आणि यल्ला, चालू लाग! पण गडी हलेना. त्याला आईचं माहेर, बायकोचं माहेर, आजोबांचं गाव, सगळं हवं होतं. मी वैतागून एकदाचं सांगून टाकलं. त्याने डोळे मिटून मनाशी काहीतरी जुळवलं आणि म्हणाला, "अच्छा. तुम मेरा लाए." मग कुठे रॉड घेऊन गेला.

लाए म्हणजे मेहुणा. आता हे हिंदीत कसं म्हणायचं ते त्याने आमच्या पठाण ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हरने इमानदारीत शब्द दिला, आणि दुसऱ्या दिवशी भर कँटीनमध्ये माझ्या खांद्यावर हात टाकून तुंपाल अभिमानाने सगळ्यांना सांगत सुटला, "ये मेरा साला है!" पुढे आठवडाभर मला शॉपमध्ये तोंड दाखवायची चोरी.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आखातात, हमरिया फ्री झोनमध्ये आमचं फॅब्रिकेशन शॉप होतं. केरळचे, पंजाबचे, फिलिपिन्सचे, सगळे होते, आणि सुमात्राचा, बाताक जमातीचा, हा एकटाच. वेल्डर म्हणून एक नंबर. त्याच्या लोकांत म्हणे नातं ठरल्याशिवाय बोलायलाच सुरुवात करता येत नाही. समोरच्याची थट्टा करायची की त्याच्यापुढे मान खाली घालायची, हे नात्यावर. म्हणून पठ्ठ्याने अख्ख्या शॉपला नाती वाटून टाकली होती. क्रेनवाला त्याचा भाचा, सेफ्टी ऑफिसर चुलतभाऊ. सेफ्टी ऑफिसर आयरिश होता, पण त्याचं कुणाला काय!

घोटाळा झाला तो नायरसाहेबांच्या बाबतीत. नायरसाहेब प्रॉडक्शन मॅनेजर. आवाज असा की ग्राइंडर बंद आहे की चालू, कळू नये. सगळ्यांत मोठ्या माणसाला सगळ्यांत मोठं नातं द्यायला हवं, म्हणून तुंपालने त्यांना आपल्या बायकोच्या माहेरचा माणूस करून टाकलं. आणि बाताकांत बायकोचं माहेर म्हणजे देवच. त्यांना नाही म्हणायचं नाही, उलटून बोलायचं नाही, त्यांच्या घरी कार्य असलं की जावयाने जाऊन स्वयंपाक करायचा, वाढायचं, भांडी घासायची.

हे मी घरी सांगितलं तर आमची नलू खूशच झाली. "बघा! तुम्ही आमच्याकडे येता ते रुसायला. शिका काहीतरी भावजींकडून."

शिकतोय मी! नायरसाहेबांनी शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी बोलावलं, तुंपाल म्हणणार "यस साब." डबल शिफ्ट? "यस साब." मी एकदा चिडून म्हटलं, अरे, बदल की नातं! त्यांना चुलतभाऊ कर आणि चार शिव्या घाल. तो माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाला, "लाए, तुम अपना मामा बदली करता है क्या?"

आमच्याकडे तो पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा नलूने बांगड्याची तिरफळं घातलेली आमटी केली होती. एक घास घेतला आणि हा ताडकन उभा राहिला. मला वाटलं, काटा लागला. तर त्याने तिरफळ ताटातून उचलून नाकाशी नेलं. तसंच जीभ चुरचुरवणारं फळ त्याच्या गावी रानात होतं, त्याशिवाय त्यांची मासळी शिजत नाही. त्या दिवशी त्याने एकट्याने अर्धं पातेलं संपवलं आणि पहिल्यांदा गावाविषयी बोलला. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, वर कॉफी, खाली कांदा. होडीसारख्या छपरांची लाकडी घरं. आणि त्यांतल्या बहुतेकांना कुलपं. पोरं मेदानला गेली, जाकार्ताला गेली. "गांव में कांदा होता है, कॉफी होता है," तो म्हणाला, "आदमी नहीं होता."

त्या गावाची सगळी आशा एका मुलीवर होती, त्याच्या बहिणीच्या मुलीवर. तिचं लग्न ठरलं होतं. नवऱ्यामुलाला बाताम बेटावरच्या फॅक्टरीत नोकरी मिळत होती, पण शेत मिळालं तर गावातच राहू, असं दोघांचं म्हणणं होतं. शेत तुंपालचं, पडीक. मामाने लग्नात भाचीच्या खांद्यावर विणलेलं वस्त्र घालायचं आणि चार लोकांसमोर जमीनही द्यायची, अशी त्यांची रीत. अशा जमिनीला ते 'कधी न विरणारं वस्त्र' म्हणतात. मामा नाही तर देणार कोण? जमीन नाही तर ती दोघं बातामला, आणि आणखी एका घराला कुलूप.

हे मला समजावून सांगायची गरजच नव्हती. आमच्याकडेही मामाशिवाय मुलगी बोहल्यावर येत नाही.

लीव्ह मंजूर होती, तिकीट काढलं होतं. आणि नेमकी एका मोठ्या शिपमेंटची तारीख अलीकडे आली. नायरसाहेब शॉपमधून जाता जाता ओरडले, "तुंपाल, लीव्ह कॅन्सल!"

"यस साब," तुंपाल म्हणाला.

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. "अरे मेल्या, भाचीचं लग्न आहे म्हणून सांग ना!" तर म्हणे, असं तोंड वर करून सांगता येत नाही. एकच रस्ता आहे. त्यांना जेवण न्यायचं, वाढायचं आणि उभं राहायचं. हे जेवण कशासाठी, असं ते विचारतात. मग सांगायचं.

म्हटलं, चला! दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या स्वयंपाकघरात त्याने कोंबडी शिजवली. नलूची वर्षाची तिरफळं खलास झाली, पण ती चकार शब्द बोलली नाही. लंच टाइमला आम्ही दोघं डबा घेऊन केबिनमध्ये. साहेबांना आश्चर्य वाटलं, पण वासाने विरघळले. तुंपाल वाढत होता, हात पोटाशी धरून उभा राहत होता. साहेब खात होते. "फर्स्ट क्लास!" म्हणाले. आणखी घेतलं. हाडं चोखली. हात धुऊन ढेकर दिला आणि फाइल उघडली.

विचारलंच नाही! त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, विचारायचं असतं म्हणून? तुंपाल भरल्या डोळ्यांनी डबा आवरायला लागला. मला राहवेना.

"साहेब, त्याला विचारा ना, हे जेवण कशासाठी!"

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "किसके लिए?"

मग तुंपाल बोलला. मोडक्या हिंदीत, खाली बघून, भाची, शेत, कुलपं, सगळं. साहेब ऐकत राहिले. आवाज एकदम खाली आला. "तुम लडकी का मामा है? हमारे घर में मामा के बिना कुछ नहीं होता, मॅन! पहले क्यों नहीं बोला?"

"आपने पूछा नहीं, साब."

साहेब मोठ्याने हसले. "जाओ. शिपमेंट मैं देखेगा. खलास!"

मी डबा उचलला, पण तुंपाल हलेना. माझ्याकडे बघायला लागला. मला उमगलं. जेवण घेतलं की बायकोच्या माहेरचे लोक उलट वस्त्र घालतात, हे त्याने मला शंभरदा सांगितलं होतं. मी धीर करून म्हटलं, "साहेब, आता तुम्हाला त्याच्या खांद्यावर काहीतरी कापड घालावं लागेल."

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. केबिनमध्ये हेल्मेटं आणि ड्रॉइंगच्या गुंडाळ्या. शेवटी ते उठले, खुर्चीच्या पाठीवरचा टर्किश टॉवेल ओढला आणि तुंपालच्या खांद्यावर टाकला. मला हसू फुटणार होतं.

तुंपाल रडत होता. तो एवढा आडदांड माणूस टॉवेलचं टोक मुठीत धरून हुंदके देत होता. "मेरा बाप मरा, तब भी ऐसा डालना होता है, साब. इधर कौन डालेगा?"

आम्हाला पत्ताच नव्हता. कुणाची आई आजारी आहे, कुणाची बायको बाळंत झाली, सगळ्याची विचारपूस करणारा हा माणूस, आणि त्याचे वडील गेलेले आम्हाला ठाऊक नव्हते.

"कब?" साहेबांनी विचारलं.

"लास्ट इयर. गुरुवार को फोन आया."

"फिर शुक्रवार को?"

"ओव्हरटाइम था. आपने बुलाया था, साब."

मग नायरसाहेबांनी तो टॉवेल त्याच्या खांद्यावरून काढला, झटकला, आणि पुन्हा सावकाश, दोन्ही खांदे झाकतील असा नीट घातला.

"ये तुम्हारे फादर के लिए," ते म्हणाले.