एकटीपुरता तंबू

काटाबाईंनी नवा तंबू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला आणि त्यांचा चेहरा असा खुलला की लेकीच्या निकालालाही तो तसा खुलला नव्हता. तंबू लिटरभर दुधाच्या पिशवीपेक्षा हलका भरला! पार्सल ऑफिसात दिवसभर लोकांच्या खोक्यांचं वजन करणाऱ्या या बाईंना तिथे सगळे काटाबाईच म्हणत. डोंगरातली लांब वाट एकटीनं चालायची ठरवल्यापासून तर त्या घरातल्या प्रत्येक वस्तूकडे ग्रॅमच्या नजरेनं बघत होत्या. टूथब्रशचा दांडा त्यांनी अर्धा कापून टाकला होता.

नवऱ्यानं तंबूची पिशवी उलटी करून झटकली. "अगं, दांडे दुकानातच राहिले वाटतं."

"दांडे नसतातच. चालायच्या काठ्या असतात ना, त्याच उभ्या करायच्या."

"आणि खाली अंथरायचं?"

"ते वेगळं मिळतं. नाही घेतलं. वजन वाढतं."

"म्हणजे आपण नक्की घेतलं काय?"

"एकटीपुरती जागा," काटाबाई म्हणाल्या.

"एकटीपुरती?" सासूबाईंनी चष्मा वर केला. "मग हा कुठं झोपणार?"

"घरी."

सासूबाईंनी आधी मुलाकडे, मग सुनेकडे पाहिलं आणि चष्मा पुन्हा खाली घेतला.

गिर्यारोहण मंडळाचा नियम कडक होता. वाटेवर एकट्यानं जायचं असेल, तर तंबू एकट्यानं उभारून दाखवायचा. ज्याला जमणार नाही त्यानं घोळक्यातून, मंडळाच्या मोठ्या तंबूत आठजणांच्या घोरण्यात झोपत जायचं. काटाबाईंना घोळका घरीच पुरेसा होता. तपासणीला त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता घरी मंडळाचे कॅप्टन येणार होते. कॅप्टन हे नुसतं नाव. एकेकाळी कॅरमच्या संघाचे कॅप्टन होते, ते चिकटलं ते चिकटलं.

"खाली ऊन मी म्हणतंय. सराव हॉलमध्येच कर," नवरा म्हणाला.

इथंच सगळं फिसकटलं. हा तंबू आपल्या पायावर उभा राहणारा नव्हता. त्याच्या दोऱ्या खुंट्यांनी जमिनीत ताणल्या, तरच तो उभा. आणि फरशीत खुंटी जाईना.

"खुंटी म्हणजे काय शेवटी? न हलणारी वस्तू," नवऱ्यानं बाह्या सरसावल्या. "आपल्या घरात त्यांना काय तोटा?"

"अहो, मी करते ना."

"तू आत थांब. तुला सांगतो कसं करायचं ते."

पहिली दोरी सोफ्याच्या पायाला गेली, दुसरी टीव्हीच्या टेबलाला, तिसरी फ्रिजच्या मुठीला. चौथी सासूबाईंच्या खुर्चीला बांधली. "बांध बाबा. मला कुठं जायचंय?" त्या म्हणाल्या. पाचवी लेकीच्या खोलीच्या कडीला आणि सहावी बाहेरच्या दाराच्या कडीला. तंबू ताठ झाला. काटाबाई आत बसून कापडातून येणारा हिरवट उजेड बघत राहिल्या. क्षणभर त्यांना खरोखरच डोंगरात असल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात लेकीचं दार हललं. "आई, मला बाहेर यायचंय!"

"येऊ नकोस, ताण जाईल!" बाप ओरडला.

"क्लासला जायचंय मला!"

"खुंटी क्लासला जात नसते!"

एवढ्यात सासूबाईंना चहाची तल्लफ आली. दूध फ्रिजमध्ये, आणि फ्रिज तंबूला जुंपलेला. पण नवरा हार मानणाऱ्यातला नव्हता. त्यानं फ्रिजवरची दोरी सोडून दातांत धरली, एका हातानं फ्रिज उघडला आणि दुसऱ्यानं पातेलं पुढे केलं. आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली.

कोणी उठायचं? जो तो ताणून धरलेला.

"दार लोटलेलंच आहे, ढकला!" सासूबाईंनी पाहुणचार केला.

कॅप्टननी दार आत ढकललं. सहावी दोरी सैल पडली, तंबू नवऱ्याकडे कलला, दोरी वाचवायला नवरा मागे सरकला, पातेल्यातलं दूध फरशीवर आलं आणि सासूबाई पाहुण्यांसाठी अदबीनं उठून उभ्या राहिल्या. मग काठ्या फरशीवरून सटकल्या आणि सगळं कापड काटाबाईंच्या अंगावर बसलं.

कॅप्टननी हॉलभर नजर फिरवली. "नमस्कार. तंबू कुठाय?"

"हा काय," ढिगातून आवाज आला.

"उभारला होता कोणी?"

"आम्ही!" सासूबाई आणि लेक एका सुरात म्हणाल्या. नवऱ्याच्या तोंडात दोरी होती, म्हणून त्यानं छाती पुढे काढली.

कॅप्टननी मान हलवली. "फार प्रेमळ कुटुंब आहे. बाई, तुम्ही घोळक्यातूनच या."

काटाबाई ढिगातून बाहेर आल्या. केस विस्कटलेले, एका कानाला दोरी अडकलेली. त्यांना रडू यायला हवं होतं, पण आला राग, आणि रागात त्यांचे हात नेहमीच झकास चालत. त्यांनी सहाही दोऱ्या सोडल्या, नवऱ्याच्या दातातलीसुद्धा, आणि तंबू बगलेत मारला.

"कॅप्टन, खाली चला. तुम्ही सगळे वरच थांबा. कोणी पायरी उतरलं तर याद राखा."

पार्किंगच्या मागे मातीचा एक तुकडा होता, दगडासारखा घट्ट. वारा सुटला होता. गॅलरीत घर हजर झालं.

"डावीकडून घे!" नवरा.

"आधी काठी लाव!" लेक.

"ऊन लागतंय गं, डोक्याला काहीतरी बांध!" सासूबाई.

काटाबाईंनी वर पाहिलंच नाही. वारा येतो त्या बाजूचा कोपरा आधी धरला. पहिली खुंटी वाकडी झाली. मग त्यांनी ती बाजूला फेकली आणि दोरीला पार्सलची गाठ मारून एक धोंडा बांधला. सुटणारी पार्सलं बांधण्यात त्यांचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं. जिथं खुंटी गेली तिथं खुंटी, जिथं नाही तिथं धोंडा. मग दोन काठ्या आत सरकवल्या, दोऱ्या ओढल्या आणि कापड टणटणीत ताठ झालं. वाऱ्यानं एकदा दणका दिला. तंबू जागचा हलला नाही.

कॅप्टननी दोऱ्या ओढून पाहिल्या, धोंडे पायानं ढकलून पाहिले. एकही चूक सापडेना, तेव्हा ते रांगत आत गेले आणि त्यांनी चेन लावून घेतली. बराच वेळ काही हालचाल नाही. मग आत त्यांचा फोन वाजला.

"हो गं... नाही, आत्ता नाही येता येणार. अतिशय कडक तपासणी चालू आहे."

काटाबाई बाहेर हात बांधून उभ्या. शेवटी चेन सरकली आणि कॅप्टनचं ताजंतवानं तोंड बाहेर आलं.

"बाई, तुम्ही एकट्याच जा. आणि, हे मिळतात कुठं?"

काटाबाईंनी दुकान सांगितलं. ते गेल्यावर त्या स्वतः आत शिरल्या. या एवढ्याशा जागेसाठी एवढा खटाटोप, आणि आता ती खरंच आपली, या विचारानं त्यांना एकटीलाच हसू फुटलं. वरून नवऱ्याची हाक आली.

"अगं, कुकरचं झाकण कुठंय?"

एरवी त्या हातातलं टाकून उठल्या असत्या. "शोधा!" त्या आतूनच ओरडल्या.

गॅलरी रिकामी झाली. मग कपाटं आपटल्याचे, डबे पडल्याचे आवाज. आणि मग तिघांचा जल्लोष, "सापडलं!"

काटाबाईंना फार बरं वाटलं. मग, इतक्या लवकर कसं सापडलं, म्हणून थोडं वाईटही वाटलं. पण थोडंच. त्यांनी चेन लावली आणि पाय लांब केले. जागा बरोबर तेवढीच होती.