फोनचा कान

सोमवारी सकाळी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींचा फोन वाजला, ताईंनी सवयीने रिसीव्हर उचलून उजव्या कानाला लावला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. काजवे विझल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आदल्या संध्याकाळी एवढ्या हौसेने टोचून घेतलेला कान हा नको तोच कान होता.

हे कळायला सोमवार का उजाडावा लागला, असं कोणीही विचारेल. त्याचं असं आहे. कॉलेजात असल्यापासून ताईंच्या मनात होतं, की कानाच्या वरच्या कडेला एक बाळी असावी. आधी आई नको म्हणाली, मग सासूबाई काय म्हणतील ते आडवं आलं, मग मुलीच्या परीक्षा आल्या आणि त्या काही संपेनात. अशी बाई पन्नाशीला टेकल्यावर एकदाची त्या खुर्चीत बसते तेव्हा डोळे गच्च मिटून बसते. आणि डोळे उघडल्यावर आरशात बाळी बघते, कान कुठला ते बघत बसत नाही.

बाळीही साधीसुधी नव्हती. तिला ऑर्बिटल म्हणतात. बाळी एकच, पण भोकं दोन. एकातून शिरायचं, दुसऱ्यातून निघायचं, अर्धी बाळी कानाच्या पुढे आणि अर्धी मागे. टोचणाऱ्या मुलीने रीतसर विचारलं होतं, "कुठला कान, काकू?" यावर जगातलं कोणीही डावा किंवा उजवा म्हणालं असतं. पण ताईंचा सगळा जन्म तक्रारींच्या फोनवर गेलेला. त्यांच्या लेखी माणसाला एक फोनचा कान असतो आणि एक दुसरा. त्यांच्या डाव्या कानाला लहानपणापासून कमी ऐकू यायचं, म्हणून तर तो दागिन्यासाठी मोकळा होता. त्या म्हणाल्या, "फोनचा सोडून दुसरा." आता ती मुलगी होती डावखुरी. तिचा फोनचा कान डावा. तिने तो अगदी इमानदारीने सोडला.

"त्या कुशीवर झोपायचं नाही," तिने टोचून झाल्यावर बजावलं होतं. "हात लावायचा नाही, बाळी फिरवायची नाही. मिठाच्या पाण्याने सकाळ-संध्याकाळ धुवायचं. आणि काही झालं तरी काढायची नाही, भोकं लगेच बुजतात. दोन भोकं आहेत, काकू. एक रुसलं की दुसरंही रुसतं."

"किती दिवस सांभाळायचं?"

"दिवस कुठले, काकू. महिने."

हे ऐकून घरी नवऱ्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला होता. तो शिवणयंत्रं दुरुस्त करायचा आणि बोलतानाही एकेक स्क्रू पिळल्यासारखा बोलायचा. "पोहायचा क्लास अर्ध्यावर सोडलास. गिटार माळ्यावर आहे. बैठकीची भिंत रंगवायला घेतलीस, ती अजून अर्धीच निळी आहे. आणि ही बाळी महिनोन्‌महिने?"

"ही टिकणार."

"बघू," तो म्हणाला. टोचताना दुखलं नसेल एवढं ताईंना हे 'बघू' लागलं. बाळी टिकवायची म्हणजे टिकवायचीच, असं त्यांनी तिथल्या तिथे, अर्ध्या निळ्या भिंतीकडे पाठ करून ठरवलं.

तर आता सोमवार, आणि फोन वाजतोय. डाव्या कानाने नुसती गुणगुण ऐकू येत होती. हेडफोन मागवला असता, पण तोही शेवटी कानावरच बसणार. मग ताईंना फोनवरचं ते बटण दिसलं, जे आजवर फडक्याने पुसण्यापलीकडे कोणी वापरलं नव्हतं. त्यांनी ते दाबलं.

"कोण, तूच का गं?" टेकडीवरच्या आजींचा आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमला. "तुमचा तो इंजिनिअर जिवंत आहे का?"

इंजिनिअर शेजारच्याच टेबलावर बिस्किट चहात बुडवत होता.

"आहेत, आजी."

"मग आंघोळ करतो का? करत असला तर कुठल्या पाण्याने करतो ते विचार. आम्ही बादल्या घेऊन तिकडेच येतो."

बिस्किट चहात पडलं. हॉलमध्ये कोणी मान वर केली नाही, पण टाइप करणारी सगळी बोटं थांबली होती.

इथे एक सांगायला हवं. आजींचा फोन रोज यायचा आणि आजी रोज असंच बोलायच्या. फक्त ते सगळं ताईंच्या कानात जायचं आणि तोंडातून बाहेर पडताना धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन निघायचं. "टेकडीवर दाब जरा कमी आहे म्हणतायत," असं ताई सांगायच्या. इंजिनिअर "बघतो" म्हणायचा आणि पुढचं बिस्किट घ्यायचा. ताईंचा कान हा कार्यालयाचा गाळणीचा कान होता, आणि गाळणी आता सुजून बसली होती.

दुपारी इंजिनिअर कोणाला न सांगता टेकडीवर जाऊन आला. मंगळवारी पुन्हा गेला, या वेळी माणसं आणि पाने-पक्कड घेऊन. बाजारपेठेतल्या हॉटेलवाल्याने बिलं काढणाऱ्याच्या डोक्याविषयी फोनवर काही शंका उपस्थित केल्या, तेव्हा बिलं काढणाऱ्याने तासाभरात त्याचं बिल दुरुस्त केलं. ताई नुसतं बटण दाबत होत्या. बाकी सगळं आपोआप होत होतं.

बुधवारी मात्र एका गृहस्थांनी साहेबांची चौकशी केली. "तुमचा साहेब खुर्चीला चिकटवलाय की काय? दोन पत्रं लिहिली, एकाचं उत्तर नाही. त्याला उठता येत नसेल तर आम्ही येऊन सोडवतो."

काचेच्या केबिनचं दार उघडलं. साहेब उठू शकत होते, हे सगळ्यांनी पाहिलं.

"ताई, हे काय चाललंय?"

"कान दुखतोय, साहेब. रिसीव्हर लावता येत नाही."

"मग ती बाळी काढा."

"काढली तर भोकं बुजतात."

"बुजू द्या की. शुक्रवारी मुख्यालयातून मॅडम येतायत. त्यांच्यासमोर हा तमाशा नको मला." साहेबांनी आवाज खाली आणला, कारण फोन अजून चालू होता. "शुक्रवारपर्यंत बाळी तरी सोडा, नाहीतर हे टेबल. तळघरात जुन्या मीटरची खोली आहे. तिथे फोन नाही, म्हणजे तुमच्या कानालाही आराम."

"मी ऐकतोय हां सगळं," गृहस्थ फोनमधून म्हणाले.

त्या रात्री ताई हिरमुसून बसल्या. तळघरात ट्यूबलाइट पण धड नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते टेबल आवडायचं, आजींसकट आवडायचं. त्यातून कान भडकला होता. झोपेत कूस वळायची सवय जुनी, म्हणून नवरा-बायकोने पलंगाच्या बाजू बदलल्या होत्या, म्हणजे ताईंचा उजवा कान वर राहील. कान वर राहिला, पण सकाळी अंधारात उठून नेहमीच्या बाजूने उतरायला गेलेला नवरा थेट कपाटावर जाऊन आदळला. नडगीला टेंगूळ घेऊन तो तीन दिवस लंगडत होता.

"काढूनच टाकते," ताई म्हणाल्या. "तुझंच खरं झालं. मी काही म्हणून शेवटाला नेत नाही."

नवरा लंगडत स्वयंपाकघरात गेला. पाणी उकळायचं, त्यात मोजून मीठ घालायचं, ते निववून स्वच्छ कापडाच्या घडीवर घ्यायचं, हे सगळं सोमवारपासून तोच करत होता, आणि यंत्राला तेल घालावं इतक्या नेमकेपणाने करत होता. त्याने ओली घडी ताईंच्या कानाला लावून धरली.

"मी बघू म्हणालो होतो. काढ म्हणालो नव्हतो."

"आणि टेबल?"

"ते शुक्रवारी बघू. पण बाळी काढायची नाही. माझी नडगी काय फुकट जाणार?"

ताईंना हसू आलं, आणि हसताना कान ओढला गेला तरी त्या हसल्या.

शुक्रवारी साहेब नवा शर्ट घालून आले. मॅडम येण्याआधी त्यांनी ताईंच्या कानाकडे पाहिलं, बाळी तिथेच होती. "आजचा दिवस रिसीव्हर उचलायचा," ते दातांतून म्हणाले. "सोमवारी तुमचं सामान खाली."

मॅडम आल्या, भिंतीवरचे नकाशे बघून झाले, टाक्यांचे आकडे ऐकून झाले, आणि त्या नेमक्या ताईंच्या टेबलापाशी उभ्या असताना फोन वाजला. ताईंनी रिसीव्हर उचलला आणि डाव्या कानाला लावला. गुणगुण. "जरा मोठ्याने बोला," त्या म्हणाल्या. गुणगुण थोडी चिडली, एवढंच. ताईंनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी उजव्या कानाकडे बोट केलं. ताईंनी रिसीव्हर डाव्या कानावरून काढला, उजव्या कानाच्या दिशेने अर्ध्या वाटेपर्यंत नेला आणि तिथेच थांबल्या. पुढे हात जाईना.

"अहो, आवाज मोठा करायचं बटण असेल ना त्याला," मॅडम म्हणाल्या. "दाबा की. मलाही ऐकू दे लोक काय म्हणतात."

साहेबांनी डोळे मिटले. ताईंनी बटण दाबलं.

"बहिरी झालीस का गं?" आजी म्हणाल्या. "केव्हापासून ओरडतेय. आज पाणी आलं. नळ सोडला तर असा जोर, की बादली उलटली आणि मागोमाग मी. सगळी चिंब झाले. बरं वाटलं."

"लागलं नाही ना, आजी?"

"लागलं थोडं, ते जाऊ दे. तुमच्या इंजिनिअरला सांग, मी त्याला जे जे बोलले ते परत घेते." आजी थोडं थांबल्या. "सगळं नाही घेत. अर्धं ठेवते. उन्हाळ्यात लागेल."

मॅडम मोठ्याने हसल्या. त्या हसल्या म्हणून सगळा हॉल हसला, इंजिनिअर सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत मनापासून. मग मॅडमनी एकेकाला विचारलं आणि त्यांना कळलं, की आठवडाभरात इथे जेवढ्या तक्रारी मिटल्या तेवढ्या एरवी वर्षभरात मिटत नाहीत.

"तक्रार अशी सगळ्यांना ऐकवायची, ही कल्पना कोणाची?" त्यांनी विचारलं.

हॉलमधल्या सगळ्या माना ताईंकडे वळत होत्या. पण साहेब चपळ. खुर्चीला चिकटलेला माणूस इतका चपळ असेल असं वाटलं नव्हतं. "माझीच, मॅडम," ते म्हणाले. "म्हटलं, कारभार कसा सगळ्यांच्या कानावर असावा."



"छान," मॅडम म्हणाल्या. "मग हे आता बंद पडू द्यायचं नाही. या बाईही इथेच हव्यात, लोकांना सांभाळून घेतात त्या. मी अधूनमधून फोन करून बघत जाईन, बटण दाबलेलं असतं की नाही ते."

"हो, मॅडम," साहेब म्हणाले. नव्या शर्टाला काखेत घाम आला होता.

जुन्या मीटरची खोली बंदच राहिली. मिठाचं पाणी मात्र रोज उकळलं. सूज उतरली, मग लाली उतरली, मग एके दिवशी ताईंच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपल्याला कान आहे हे आठवलंच नाही. टोचणाऱ्या मुलीने पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाली, "दोन्ही भोकांच्या जखमा मस्त भरल्यात, काकू. आता झोपा हव्या त्या कुशीवर." घरी नवऱ्याने बाळी भिंगातून तपासली, "टिकली," एवढंच म्हणाला आणि आपली उशी उचलून पलंगाच्या जुन्या बाजूला नेऊन ठेवली. मग दोघं मिळून भिंतीकडे बघत बसले आणि निळा रंग अजून त्याच दुकानात मिळतो का, यावर बोलले.

दुसऱ्या दिवशी साहेब केबिनमधून बाहेर आले. हल्ली ते बरेचदा बाहेर यायचे, कारण आत बसलं की सगळं ऐकू यायचं.

"ताई, कान आता बरा दिसतोय."

"बरा झाला, साहेब. कालच दाखवून आले."

"वा, वा." साहेबांनी फोनवरच्या बटणाकडे पाहिलं. "मग आता रिसीव्हर उचलायला काही हरकत नसावी."

"माझी कसली हरकत? पण कल्पना तुमची आहे, साहेब. ती बंद करणारी मी कोण?"

फोन वाजला. ताईंनी केस उजव्या कानामागे सारले, बाळी नीट दिसेल असे, आणि बटण दाबलं.

"काय गं," आजी म्हणाल्या, "साहेब आहे का तुमचा जागेवर?"

"आहेत ना, आजी," ताई म्हणाल्या. "इथेच उभे आहेत. बोला."