इल्पोचा मेंदू ऐकतो

आपण बायकोचं ऐकतो, हे इल्पो शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध करणार होता. जगातल्या इतर नवऱ्यांना ही सोय नसते. त्यांना शपथांवर भागवावं लागतं. इल्पो मात्र फिनलंडमधल्या एस्पो शहरातल्या मेंदू प्रयोगशाळेत एकवीस वर्षं तंत्रज्ञ होता. आवाज कानावर पडला की मेंदूत विजेची आणि चुंबकत्वाची जी इवलीशी लहर उठते, ती मोजणारं यंत्र त्याच्याच हाताखाली होतं!

प्रकरण पेटलं ते जूनमधल्या सणावरून. त्या दिवशी सगळा फिनलंड तळ्याकाठच्या लाकडी घरांत जातो, सौना नावाची वाफेची खोली तापवतो आणि एकमेकांशी फारसं न बोलता सुखात राहतो. यंदा त्याच्या बायकोनं, रायलीनं, जाहीर केलं की ती बहिणीला घेऊन जाणार, इल्पो घरीच राहील.

"भिंतीशीच बोलायचं तर त्यासाठी दोनशे किलोमीटर कशाला जायचं?" ती म्हणाली. "भिंत इथेही आहे."

तळ्याकाठची सौना स्वतःच्या हातानं पेटवणं हेच इल्पोचं वर्षभराचं स्वप्न. तो हादरला. त्यानं पैज मारली: मी यंत्रात बसतो, तुझा आवाज ऐकव. मेंदू हलला तर मी येणार.

बुधवारी दोघं प्रयोगशाळेत हजर झाली. व्हेन्ला नावाची तरुण संशोधक मोजमाप करणार होती. तिनं रायलीच्या आवाजात "इल्पो" एवढा एकच शब्द ध्वनिमुद्रित केला. कानात सारखा एकसुरी टूं-टूं वाजणार आणि अधूनमधून रायली हाक मारणार. माणसानं मात्र समोरचा मूकपट बघायचा आणि आवाजाकडे मुळीच लक्ष द्यायचं नाही, असा या प्रयोगाचा नियमच आहे. ही अट इल्पोला जड गेली नाही.

यंत्राच्या खोलीला धातूचं जाडजूड कवच होतं. बाहेरच्या लिफ्टचं चुंबकत्वसुद्धा आत शिरत नसे. अंगावर धातूचा कण चालायचा नाही, आणि या बाबतीत इल्पो विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याहून कडक. काजळात लोहकण असतात म्हणून त्यानं एका नामवंत प्राध्यापिकेला दोनदा तोंड धुवायला लावलं होतं.

डोक्याला तारा चिकटवून, वर भलंमोठं हेल्मेट घेऊन इल्पो बसला. दार बंद झालं, आणि पडद्यावर वादळ उठलं! मेंदूची लहर कसली, समुद्र खवळल्यासारख्या रेघा.

"इल्पो, तुमच्या अंगावर लोखंड आहे," व्हेन्ला माइकवरून म्हणाली.

"माझ्या? ती नियमावली मी लिहिली आहे," आतून उत्तर आलं.

तरी चष्मा उतरला. पट्टा घरीच होता. मग शर्ट गेला, विजार गेली, आणि इल्पो प्रयोगशाळेच्या पायजम्यात आला. वादळ तसंच. इल्पोनं लिफ्टवर संशय घेतला. लिफ्ट बंद झाली आणि तीन प्राध्यापक चार मजले धापा टाकत चढले. मग त्याला बाहेरच्या ट्रामचा संशय आला. ट्राम बंद करणं मात्र त्याच्या हातात नव्हतं.

शेवटी व्हेन्लानं आतल्या कॅमेऱ्याकडे नीट पाहिलं. टूं-टूंच्या तालावर इल्पोचा डावा पाय डोलत होता.

"पाय थांबवा." वादळ शमलं. "हलवा." वादळ उठलं.

डावा लोकरी मोजा निघाला. टाचेत सेफ्टी पिन.

बाहेर रायली विणत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "ती टाच उसवायची आहे, म्हणून खुणेला लावली होती. खुर्चीवरचे मोजे घालू नकोस, असं सकाळी तीनदा सांगितलं."

"मग हे काय म्हणाले?" व्हेन्लानं विचारलं.

"हं म्हणाला. तिन्ही वेळा."

इल्पो अनवाणी पायांनी पुन्हा हेल्मेटखाली गेला. सौना त्याच्या डोळ्यांसमोर विझत होती. पण आता पडद्यावर रेघ सरळ आली, आणि रायलीची हाक पडली की सेकंदाच्या दहाव्या भागात टुमदार टेकडी उभी राहू लागली. एकूण दीडशे हाका, आणि सगळ्यांची सरासरी काढली तर चित्रात काढावी तशी टेकडी!

रायलीनं सुया खाली ठेवल्या. "म्हणजे पोचतं."

व्हेन्ला प्रामाणिक मुलगी होती. हे झोपलेल्या तान्ह्या बाळातही दिसतं, असं तिनं हळूच सांगितलं. यात ऐकणाऱ्याचं कर्तृत्व काही नसतं.

रायलीनं पडद्यावरच्या टेकडीवरून बोट फिरवलं. मग ती माइककडे झुकली. "इल्पो, शुक्रवारी साडेनऊची बस आहे. तूही चल. बहिणीला मी सांगते. कॉफीचं पाकीट तेवढं तू घे."

मग आतून आवाज आला, "हं."

व्हेन्ला अवघडली. "रायली, माइकचं बटण तुम्ही दाबलंच नव्हतं. त्यांना काहीच ऐकू गेलेलं नाही."

रायलीनं सुया पुन्हा उचलल्या.

"असू दे," ती म्हणाली. "कॉफी मीच घेते."