पुढे शाळा आहे, सावकाश चालवा

एका जंगलात, मुलांनो, एक रस्ता फार चांगला झाला आणि तेथूनच सर्व अडचणींना प्रारंभ झाला.

पूर्वी तो रस्ता खड्ड्यांचा होता. त्यावरून कोणतेही वाहन गोगलगायीपेक्षा फारसे वेगाने जात नसे. (गोगलगायीचे याबाबत वेगळे मत आहे. ते तूर्त बाजूला ठेवू.) मग वाघमहाराजांनी तो गुळगुळीत करवून घेतला. ज्या प्राण्यांना जन्मतः चार पाय होते, त्यांनी आता चार चाकेही घेतली. चाके घेतल्यावर ती पळवणे ओघानेच आले.

रस्त्याच्या अलीकडे वस्ती होती. पलीकडे, मोहाच्या झाडाखाली, शाळा होती. शाळेत एकच शिक्षिका होत्या, टिटवीबाई. मुख्याध्यापिकाही त्याच, आणि घंटा वाजवणाऱ्याही त्याच.

बाईंना गुंडूची विशेष काळजी वाटे. गुंडू हे खवल्या मांजराचे पिल्लू होते. मुलांनो, खवल्या मांजर घाबरले की अंगाची गुंडाळी करते आणि चेंडू होते. वाघापासून बचाव करण्यासाठी ही युक्ती उत्तम आहे. भर रस्त्यात मात्र तिची उपयुक्तता मर्यादित आहे.

गुंडू रोज रस्त्याच्या मधोमध पोहोचे, भोंगा ऐके आणि चेंडू होई. मग बाई उडत येत आणि त्याला लाथेने पलीकडे ढकलत. (येथे ‘लाथ’ हा शब्द प्रेमळ अर्थाने घ्यावा.)

“अरे गुंडू, अशा वेळी पळायचं असतं रे!”

“मी मनातल्या मनात पळतच असतो, बाई,” चेंडूच्या आतून उत्तर येई.

एखाद्या दिवशी आपल्याला पोहोचायला उशीर झाला तर? या विचाराने बाईंना झोप लागेना. शेवटी त्या रस्तेप्रमुख कोल्हेसाहेबांकडे गेल्या.

“साहेब, शाळेपुढे रस्त्यावर दोन उंचवटे घाला. गाड्या आपोआप हळू होतील.”

“उंचवटे?” कोल्हेसाहेब दचकले. “बाई, तो अख्खा रस्ता उंचवट्यांचाच होता. ते काढताना आमच्या तोंडाला फेस आला. आता परत घालू?”

“मग निदान एक फलक तरी लावा. ‘पुढे शाळा आहे. वाहने सावकाश चालवा.’”

त्याच वेळी तेथे दणकेशेठ बसले होते. दणकेशेठ हे रानडुक्कर असून वाहनधारक संघाचे अध्यक्ष होते. त्यांनी सोंड उडवली. (रानडुकराच्या नाकाडास सोंड म्हणावे की नाही, याविषयी मतभेद आहेत, परंतु दणकेशेठ तसेच म्हणत.)

“‘वाहने’ कशाला? सरळ आमच्याकडे बोट दाखवताय की हो! वाहनांच्याही भावना असतात.”

“शेठ, गैरसमज नको,” कोल्हेसाहेब घाईघाईने म्हणाले. “तो शब्द काढून टाकू. बाकी मजकूर तसाच.”

“मग माझी काय हरकत?” शेठ म्हणाले. “शाळेच्या कामाला आपण कधी नाही म्हटलंय?”

याप्रमाणे फलक लागला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते: पुढे शाळा आहे. सावकाश चालवा.

वाहनधारक थांबून फलक वाचू लागले. बाईंना आनंद झाला.

“काय चालवा?” एका सांबराने विचारले.

“ते काही लिहिलेलं नाही,” दुसरे म्हणाले.

“म्हणजे आपल्यासाठी नसणार. चल, दाब!”

आणि थांबण्यात गेलेला वेळ भरून काढण्यासाठी ते अधिकच वेगाने गेले.

काही दिवसांनी शिक्षणनिरीक्षक बगळेसाहेब शाळेच्या तपासणीला आले. ते अत्यंत काटेकोर होते. ते फलकासमोर एका पायावर उभे राहिले आणि विचार करू लागले. ‘पुढे शाळा आहे. सावकाश चालवा.’ काय चालवा? वाक्यात कर्म नाही. कर्म नसेल तर ते मागील वाक्यातून घ्यावे. मागील वाक्यात एकच नाम आहे, शाळा. म्हणजे शाळा सावकाश चालवायची!

मुलांनो, व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचे काहीही चुकले नव्हते.

“टिटवीबाई,” ते कडाडले, “तुम्ही शाळा फार जोरात चालवता. वर स्पष्ट सूचना लावली आहे, दिसत नाही?”

“अहो साहेब, ती गाड्यांसाठी आहे!”

“‘गाड्या’ हा शब्द दाखवा.”

बाईंना तो दाखवता येईना.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सावकाश चालू लागली. घंटेचा पहिला ‘ठण्’ सकाळी होई आणि दुसरा मधल्या सुटीनंतर. हजेरीत नाव आज पुकारले जाई आणि ‘हजर’ उद्या स्वीकारले जाई. मधल्या काळात मूल हजर मानावे की गैरहजर, हा प्रश्न अनिर्णित राही. ‘बे एके’ सोमवारी झाले. ‘बे’ कधी होणार, याकडे सर्वांचे लक्ष लागले.

“अहो बाई,” सशीणकाकू एकदा म्हणाल्या, “आमचा पोरगा महिनाभर ‘क’च काढतोय. काना कधी देणार?”

“वरून परवानगी आली की देऊ, काकू.”

“तोवर याची मुलं शाळेत येतील हो!”

शाळा सावकाश सुटत असल्यामुळे मुले आता नेमकी गर्दीच्या वेळी रस्त्यावर येऊ लागली. आणि एके दिवशी व्हायचे तेच झाले. दणकेशेठांची जीप भोंगा वाजवत आली. गुंडू चेंडू झाला. बाई उडाल्या, परंतु त्या अर्ध्या वाटेतच होत्या. जीपचा धक्का लागला. चेंडू घरंगळत गेला आणि रस्त्याकडेच्या नाल्यात पडला.

शेठ खाली उतरले. त्यांनी आधी जीप तपासली.

“रस्त्यात चेंडू कोण ठेवतं हो?” ते ओरडले. “रंग खरवडला ना!”

गुंडूचे काही खवले तुटले होते. तो संध्याकाळपर्यंत उलगडलाच नाही. त्याची आई त्याला कडेवर घेऊन शाळेत आली. चेंडू कडेवर घेणे कठीण असते, तरीही ती घेऊन आली.

“बाई, शिक्षण द्यायलाच हवं, मान्य,” ती म्हणाली. “पण ते अख्ख्या पोराला द्यायचंय ना? उद्यापासून हा येणार नाही.”

त्या रात्री बाई मोहाखाली एकट्याच बसून राहिल्या. गुंडूच्या जागेवरचे गवत अजून दबलेले होते.

सकाळी बगळेसाहेब पुन्हा तपासणीला आले.

“सुधारणा आहे,” ते म्हणाले, “परंतु शाळा अजून हवी तितकी सावकाश चालत नाही.”

“साहेब, एक शंका विचारू? शाळा म्हणजे नेमकं काय? हे झाड?”

“छे! झाड हा परिसर झाला. शाळा म्हणजे विद्यार्थी.”

“मग शाळा चालवायची, म्हणजे विद्यार्थ्यांना चालवायचं?”

बगळेसाहेबांनी पाय बदलला. “काटेकोर बोलायचे तर… होय.”

“आणि सावकाश.”

“अर्थातच!”

“साहेब, आपल्यासमोरच चालवते,” बाई म्हणाल्या. “मुलांनो, रांग करा! शाळा आता चालणार आहे.”

आणि शाळा चालू लागली. पुढे बाई, मागे ससे, त्यामागे मुंगूस, साळिंदर, घोरपडी आणि सर्वांच्या शेवटी कासवाची चार भावंडे. रांग रस्त्यावर आली. एक पाऊल, मग ‘बे एके’. दुसरे पाऊल, मग ‘बे’. (तेथेच पाढा प्रथमच पुढे सरकला. सशीणकाकूंनी वस्तीच्या बाजूने टाळ्या वाजवल्या.) शाळा रस्ता ओलांडून थेट गुंडूच्या दारी गेली.

“गुंडू, तू येत नाहीस ना, म्हणून शाळाच आली,” बाई म्हणाल्या.

गुंडूने आईकडे पाहिले. आईने रांगेकडे पाहिले. रांगेचे शेपूट अजून रस्त्याच्या पलीकडेच होते.

“एवढी सगळी बरोबर असतील, तर जा बाबा,” ती म्हणाली.

परतीच्या वाटेत, नेमक्या रस्त्याच्या मधोमध, दणकेशेठांच्या जीपने भोंगा वाजवला. गुंडू चेंडू झाला. बाईंनी या वेळी त्याला ढकलले नाही. त्यांनी पंख उचलला आणि अख्खी शाळा त्याच्याभोवती थांबली.

“ओ बाई, बाजूला घ्या पोरं!”

“घेतली असती, शेठ. पण घाई केली तर नियम मोडतो. निरीक्षकसाहेब समोरच उभे आहेत.”

“नियमानुसार आहे,” बगळेसाहेब म्हणाले. शाळा इतकी सावकाश त्यांनी कधीच पाहिली नव्हती. त्यांचे डोळे पाणावले.

शेठांच्या मागे सांबर थांबले. सांबरामागे गवा थांबला. भोंगे वाजत राहिले, त्यामुळे गुंडू उलगडेना. गुंडू उलगडेना, त्यामुळे भोंगे थांबेनात. आणि सर्वांच्या मागे, मुलांनो, खुद्द वाघमहाराजांची गाडी येऊन थांबली. महाराज भोजनाला निघाले होते.

“कोण अडवतंय आम्हाला?” महाराज गरजले.

“शाळा, महाराज,” भोंगे ऐकून धावत आलेले कोल्हेसाहेब म्हणाले. “ती… चालते आहे.”

महाराजांनी फलक वाचला. मग पुन्हा वाचला. “काय सावकाश चालवा?”

महाराजांच्या पोटात गुरगुर झाली आणि ती सर्वांना ऐकू आली.

“वाहने, महाराज!” दणकेशेठ जीपवर चढून ओरडले. “वाहने सावकाश चालवा! आम्ही चालवतो! हवं तर फलकावर माझं नाव टाका, पण आधी शाळा थांबवा हो!”

“आणि उंचवटे,” टिटवीबाई शांतपणे म्हणाल्या.

“उंचवटे घालतो! मीच माती आणतो!”

भोंगे बंद झाले. थोड्या वेळाने चेंडूतून एक नाक बाहेर आले, मग एक डोळा, मग अख्खा गुंडू. महाराजांची गाडी गेली, आणि ती, माझ्या माहितीप्रमाणे, सावकाश गेली.

सूर्य मावळण्यापूर्वी दोन्ही उंचवटे तयार होते. त्यांचे उद्घाटन दणकेशेठांच्या हस्ते झाले. “लहानांच्या सुरक्षेची मागणी मी पहिल्यापासून लावून धरली होती,” असे त्यांनी भाषणात सांगितले. कोल्हेसाहेबांनी आभार मानले. बगळेसाहेबांना तेवढे वाईट वाटले, कारण शाळा पुन्हा पूर्वीच्याच वेगाने चालू लागली होती.

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांच्या वाटेत कधीही येऊ नये, असे तुम्हाला आजवर शिकवले गेले आहे. ते चुकीचे आहे. मुलांना रस्ता ओलांडता येत नसेल तर विचार सुरू होतो. मोठ्यांना पुढे जाता येत नसेल तर काम सुरू होते. म्हणून शहाण्या मुलांनी मोठ्यांच्या वाटेत अवश्य यावे. मात्र रांगेत यावे, बाईंना सोबत घ्यावे, आणि शक्यतो जेवणाच्या वेळी यावे.