स्विचला हात लावायचा नाही

"कोणीच स्विचला हात लावायचा नाही!" छायानं बोर्डावर कागद चिकटवला आणि दीड वर्षाच्या लेकीला, चंचलला, दुसऱ्या कडेवर घेतलं. "कॉम्प्युटर दुरुस्त करून राहिली मी. मधातच बंद झाला तर सगळं गेलं."

"काऊन, काय झालं त्याले?" सासऱ्यांनी, मोरेश्वररावांनी, पेपरामागून विचारलं.

"डिरेक्टरी बिघडली, बाबा. फायली आतच आहेत, पण त्याले सापडून नाही राहिल्या."

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या त्या घरात हा कॉम्प्युटर छायाच्या नवऱ्याच्या, हर्षलच्या, कॉलेजपासून होता. अंगावर क्रोशाचं झाकण, कपाळाला दसऱ्याचं कुंकू. आज त्याच्या पोटात छायाची नोकरी अडकली होती. पांढुर्ण्याच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती आणि अनुभवाचा दाखला पाचच्या आत ऑनलाइन चढवायचा होता. मूळ कागद गेल्या महिन्यात चंचलनं खाल्ला. छायानं पाहिलं तेव्हा शाळेचा शिक्का तिच्या ओठांवर उमटला होता, आणि राग यायच्या आधी छायाला त्या चार इवल्या दातांचंच कौतुक वाटलं होतं. आता दाखल्याचा फोटो तेवढा कॉम्प्युटरमध्ये होता.

काळ्या पडद्यावर टक्के मुंगीच्या पावलांनी चढू लागले. पंचावन्नला लाईट गेली. इन्व्हर्टर म्हातारा. छायानं पंखे बंद केले, मिक्सर बंद केला.

"अवं, माझी चटणी?" सासूबाई, करुणाबाई, स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"पाट्यावर वाटा न आई, आजच्या दिवस!"

"वाटतो बापा. मले काय समजते त्या मशीनीतलं!"

तीन वाजता लाईट आली आणि दुरुस्तीही संपली. फायली सगळ्या सापडल्या, पण त्यांची नावं गेली. फडताळातले डबे जागच्या जागी, झाकणांवरच्या चिठ्ठ्या तेवढ्या उडालेल्या, तसं झालं. एकशे बेचाळीस फायली, आणि प्रत्येकीवर नुसता नंबर. एकेक उघडून बघण्यावाचून इलाज नव्हता. सगळं घर खुर्च्या ओढून बसलं.

अकरा नंबरमध्ये हर्षलचा लग्नाचा बायोडाटा निघाला. बारामध्ये पुन्हा तोच, तेरामध्येही तोच. उंची पाच फूट चार, मग पाच सहा, मग पाच सात.

"तीन फायलीत तीन इंच वाढले तुम्ही," छाया म्हणाली. "आणि हे काय? छंद, स्वयंपाकात मदत करणे?"

"समोर जाय न," हर्षल घाईनं म्हणाला. "टाइम कमी आहे."

चाळीस नंबरमध्ये हिंदीत अर्ज होता. सौंसरात भांडण मराठीत होतं, अर्ज मात्र हिंदीत. छायानं वाचला, "सविनय निवेदन है कि महिला भजन मंडल का माइक तुरंत बंद कराया जाए. आपका, एक त्रस्त नागरिक."

"आमच्या मंडळाचा माइक?" करुणाबाई सावकाश नवऱ्याकडे वळल्या. "दोन वर्षं झाले, मी त्या नागरिकाले शिव्या देऊन राहिली! रोज त्याले वाढूनही राहिली!"

मोरेश्वररावांनी पेपर पुन्हा तोंडापुढे धरला. तो उलटा होता.

हसू दाबता दाबता छायाला एकदम आठवलं. तिचीही एक फाइल त्यात होती. मराठी टायपिंग शिकताना तिनं रामाकोन्याच्या बहिणीला, पूनमला, पत्र लिहिलं होतं. साडेचार वाजले होते. शहाण्णव नंबर उघडला आणि पडदाभर अक्षरं आली, "पूनम, आईंच्या वरणात बुडी मारून डाळ शोधाले गोताखोर लागते."

चंचलनं टाळी वाजवली.

"समोरची उघड," करुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुहा दाखला त्यातच असंन. एकाच फोल्डरात होते न दोन्ही."

"आई! तुम्हाले कसं माहीत?"

"तू पोरीले झोपवाले गेली का मी बसतो न इथं. दिवाळीतच वाचलं. तवापासून वरण घट्ट करून राहिली मी, अन् तू म्हणते यंदा डाळच चांगली आली!"

सत्त्याण्णवमध्ये खरंच दाखला होता. चार बावन्नला तो चढला. छायानं खाली वाकून सासूबाईंचे पाय धरले.

"राहू दे, राहू दे," करुणाबाई म्हणाल्या. "वरणात पाणी जास्तच होतं माह्या."

"आता आलोच इथपर्यंत, तर अठ्ठ्याण्णवही पाहू," म्हणत हर्षलनं माऊस दाबला. पुन्हा पत्रच निघालं. त्याच्या तिगावच्या मावशीला. त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "सुनबाई स्वभावानं सोनं आहे, पण तिच्या पोळ्या..."

खट्. पडदा काळा झाला.

"लाईट गेली वाटते," करुणाबाई म्हणाल्या. त्यांचं बोट अजून बोर्डावर, छायाच्या कागदाखालीच होतं, आणि डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.